मिरज, एकोणचाळीस वर्षांनी: तीन पिढ्या आणि एक तंबोरा

यार्डमास्तर

मे महिन्यात सुट्टीला कुणी मिरजेला जातं का, हा प्रश्न आमच्या घरात तिघांनी तीन सुरांत विचारला. मुलीने वैतागून, मुलाने खरोखरच माहीत नाही म्हणून आणि बायकोने हसत. आई तेवढी गप्प होती.

१९७४ ते १९८६ आम्ही मिरजेत होतो. वडील रेल्वेत गार्ड. मी चार वर्षांचा असताना आलो आणि दहावीचा निकाल लागला त्याच महिन्यात बदलीमुळे बाहेर पडलो. त्यानंतर कोल्हापूरला जाता-येता मिरज स्टेशन कितीदा तरी लागलं. फलाटावर उतरून चहा प्यायलो, पण फाटकाबाहेर पाऊल टाकलं नाही. वडील जाऊन सहा वर्षं झाली. यंदा मनाने घेतलं, मुलांना एकदा दाखवू. यादी केली: आमचं क्वार्टर, शाळा, कृष्णाघाट, किल्ल्याचा खंदक, लक्ष्मी मार्केट, मीरासाहेबांचा दर्गा. दिवसांचे तास पाडून तक्ता काढला. (हो, मी त्यातला आहे.)

आईने तक्ता पाहिला आणि एवढंच म्हणाली, "तंबोरा नेऊ या का?"

हा तंबोरा तिने १९७९ साली भिशीच्या पैशांतून मिरजेतच घेतलेला. जनानी तंबोरा, मर्दानीपेक्षा लहान. पुण्याच्या घरात तो कपाटाच्या बाजूला गोधडी पांघरून उभा असतो. दोन वर्षांपूर्वी रंगकाम चालू असताना पडला आणि भोपळ्याला बोटभर तडा गेला. "पुण्यात दुरुस्त होतो की," मी म्हणालो. आईने उत्तर दिलं नाही. बायको म्हणाली, "नेऊ या."

गाडीने चार-साडेचार तासांत पोचलो असतो. पण तंबोऱ्याला आडवं करायला जागा नव्हती, आणि मलाही रेल्वेनेच जायचं होतं. पुण्याहून दुपारी कोयना एक्सप्रेस धरली. आईने भोपळा मांडीवर घेतला आणि दांडी खिडकीला टेकवली. टीसी म्हणाले, "आजी, वीणा का?" आई म्हणाली, "तंबोरा. वीणा असती तर तिकीट काढलं असतं." रहिमतपूर, कराड, ताकारी, किर्लोस्करवाडी अशी स्टेशनं मी मुलांना मोठ्याने वाचून दाखवत होतो. मुलीने कानात बोंडं घातली होती. विश्रामबाग गेलं आणि माझ्या पोटात कालवाकालव सुरू झाली. आई झोपली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी क्वार्टर. आई म्हणाली, मी येत नाही.

मला धक्काच बसला. "अगं, बारा वर्षं राहिलो तिथे!"

"तुम्ही राहिलात. मी पाणी भरलं."

शेवटी मुलांना घेऊन मीच गेलो. सांगण्यासारखं फारसं नाही. आमची ओळ पाडलेली आहे. जोत्याचे दगड, वेडी बाभूळ, एक तुटका हौद. कडुलिंब उभा आहे, पण तो आमच्याच दाराचा की शेजारच्यांचा, हे मला ठरवता येईना. मुलगा म्हणाला, "बाबा, इथे काय होतं?" मी बोटाने हवेत खोल्या काढायला लागलो आणि मध्येच थांबलो. मुलीने न सांगता माझा फोटो काढला. त्यात मी बाभळीला काहीतरी समजावून सांगतोय असं दिसतं.

लॉजवर परतलो तर आई आणि बायको बाहेरच्या बाकावर गप्पा मारत बसलेल्या. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं ते असं. आमच्या वेळी मिरजेत तीन रुंदीचे रूळ होते. पुण्या-कोल्हापूरकडे ब्रॉडगेज, लोंड्याकडे मीटरगेज आणि पंढरपूरकडे नॅरोगेज. मी शाळेत याची फुशारकी मारायचो. आईसाठी तीन रुंद्या म्हणजे कोळशाच्या इंजिनांचा धूर. उन्हाळ्यात कुरडया, सांडगे, पापड्या अंगणात घातल्या की तासाभरात त्यांच्यावर काजळीची तीट. झाकावं तर वाळत नाही, उघडं ठेवावं तर काळं होतं. मग ब्राह्मणपुरीतल्या एका ओळखीच्या बाईंच्या गच्चीवर ती वाळवण घेऊन जायला लागली. दुपारभर राखण करायची. त्या वाड्यात खालच्या खोलीत एक वयस्कर गुरुजी शिकवायचे. आधी गच्चीवरून ऐकलं, मग जिन्यात बसून ऐकलं, आणि एका उन्हाळ्यात त्यांनीच विचारलं, "बाई, रोज कुरडया किती घालता?"

म्हणजे आईच्या गाण्याचं मूळ काजळीत आहे. मला इतकी वर्षं वाटत होतं, तिला लहानपणापासून आवड होती म्हणून शिकली.

मग तक्ता बाजूला ठेवला आणि आम्ही पाचही जण सतारमेकर गल्लीत गेलो. मुलगा आधी कंटाळला होता, पण दारात पाऊल टाकल्यावर गप्प झाला. भिंतीला रचलेले वाळके भोपळे, काही माणसाच्या डोक्याएवढे, काही दोन हातांत न मावणारे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. अर्धे कापलेले, आतून खरवडलेले. लाकडाचा भुसा, सरसाचा वास. मुलाने विचारलं, हे खायचे भोपळे का? कारागीर म्हणाले, "कडू असतो बाळा. खाल्ला तर तू गाशील, पण वेगळंच." (मी लहानपणी कृष्णेत पोहायला शिकलो ते पाठीला असाच वाळका भोपळा बांधून. ते सांगितलं तर मुलाला सतारीपेक्षा त्यातच रस.)

त्यांनी गोधडी सोडली, तंबोरा उभा धरला, मानेजवळची कोरलेली पानं पाहिली. मला वाटलं आता म्हणतील, हे माझ्या वडिलांच्या हातचं. ते म्हणाले, "हे आमचं काम नाही. पलीकडच्यांचं आहे. पान असं ते काढायचे." आणि खुशाल दुरुस्तीला घेतला.

तड्याला आतून कापडाची पट्टी सरसाने बसवणार, बाहेरून भरून पॉलिश. घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, झिजलीय, ती घासून नवी जवारी काढणार. मुलीने विचारलं जवारी म्हणजे काय. त्यांनी शेजारचा तयार तंबोरा घेतला, तारेखालचा दोरा काढून तार छेडली. टण्ण. मग दोरा घोडीवर केसभर सरकवला आणि तीच तार छेडली. आवाज खोलीभर पसरला, जात्यातून पीठ पडावं तसा पडत राहिला. मुलीने कानातली बोंडं काढून खिशात टाकली. ही माझ्या सुट्टीची कमाई.

मग त्यांनी आईला विचारलं, "कुठल्या पट्टीत लावू?"

आई म्हणाली, "पूर्वी काळी पाच होती." (पेटीची पाचवी काळी पट्टी.)

"आणि आता?"

ती जरा थांबली. "काळी तीन लावा." म्हणजे सूर आणखी खाली.

ते म्हणाले, "मग तारा थोड्या जाड घालतो." आणि वहीत लिहून घेतलं.

संध्याकाळी दर्ग्यात गेलो. किराणा घराण्याचे गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ इथेच विसावले आहेत. १९३७ साली पाँडिचेरीकडे जाताना वाटेत आजारी पडून तिकडच्याच एका स्टेशनावर गेले, ही गोष्ट वडील नेहमी सांगायचे. त्यांच्या लेखी तो रेल्वेच्या इतिहासाचा भाग होता. उरुसात चिंचेच्या झाडाखाली रात्रभर गाणं चालायचं. मला आठवतंय ते एवढंच: उन्हाळ्याची रात्र, आईच्या मांडीवर डोकं, वरून पडणारा चिंचेचा पाला.

काम तीन आठवड्यांनी होईल म्हणाले. तंबोरा तिथेच ठेवून आलोय. आता प्रश्न असा की आणायचा कसा? कुरियरने पाठवणारे आहेत, पण छाती होत नाही. कुणाला अनुभव आहे का? आणि असं जुन्या गावी कुणी घरच्यांना घेऊन गेलं असेल तर तेही लिहा.

चिरमुरे

सुंदर लिहिलंय. एक तक्रार: मिरजेला जाऊन आलात आणि खाण्यावर एक ओळ नाही? भडंग आणलंत की नाही? उन्हाळ्यात नरसोबाच्या वाडीला जाऊन बासुंदी आणि कवठाची बर्फी? फोटो टाका. बाभळीचा तर टाकाच.

मीटरगेज

इंजिनांच्या धुराबद्दल आईंची माफी मागतो, कारण आम्ही तोच धूर बघायला जायचो.

तुमची पंढरपूरची छोटी गाडी म्हणजे बार्शी लाइट रेल्वे. अडीच फूट रुंदीचा रूळ. १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आताचं कुर्डुवाडी, ते बार्शी एवढ्यावर सुरू झाली. मग पंढरपूर, लातूर आणि सर्वांत शेवटी १९२७ मध्ये मिरज. लातूर ते मिरज मिळून सुमारे सव्वातीनशे किलोमीटर. १९५४ पर्यंत खाजगी कंपनीच्या ताब्यात होती, मग सरकारने घेतली. सलगरे, कवठेमहांकाळ, ढालगाव, जत रोड, सांगोला असं करत रमतगमत जायची. चढावर लोक उतरून चालायचे आणि पुढे पुन्हा चढायचे, असं सांगतात. माझ्या मामाने स्वतः केलंय म्हणतो. मामा बऱ्याच गोष्टी स्वतः केल्यात म्हणतो.

वडील कुठल्या लाइनवर होते? ब्रॉडगेज की नॅरो?

साखरझोप

लेख आवडला, पण एक खुपलं म्हणून लिहिते. तुम्ही तक्ता काढलात, दिवसांचे तास पाडलेत. त्यात आईंना कुठे जायचंय हे विचारलं होतंत का? त्यांनी एक वाक्य उच्चारलं, त्यावर तुमचं उत्तर "पुण्यात दुरुस्त होतो की". नशीब, सूनबाईंच्या लक्षात आलं.

माझ्या बाबांनी आम्हाला असंच त्यांच्या लहानपणच्या वाड्यात नेलं होतं, वाई जवळ. ते माजघर, ओटी, झोपाळ्याच्या कड्या दाखवत फिरत होते. आत्या त्यांची सख्खी थोरली बहीण. ती मागच्या परसात विहिरीच्या काठावर एकटीच उभी. मी जवळ गेले तर म्हणाली, "रहाटाचा आवाज अजून कानात आहे बघ. सकाळी चाळीस घागरी." बाबांना विचारलं तर त्यांना विहीर होती एवढंच आठवत होतं.

यार्डमास्तर

@साखरझोप, नाही विचारलं. लिहितानाही मला ते दिसलं नव्हतं, तुम्ही दाखवलंत तेव्हा दिसलं. तुमचा प्रतिसाद बायकोने आईला वाचून दाखवला. आई म्हणाली, "ही कोण बाई? घरी बोलाव."

काल रात्री म्हणून बसून विचारलं. तर ऐका. नळाला पाणी पहाटे चारला, तेही बाहेरच्या सामाईक नळाला. वडिलांची ड्यूटी बेभरवशाची. रात्री दोनला, तीनला कॉलबॉय दार वाजवायचा. गार्ड-ड्रायव्हरांना उठवायला येणारा पोऱ्या, हातात वही आणि कंदील. वडील सही करून पाच मिनिटं पुन्हा आडवे व्हायचे. आई मात्र उठायची, कारण डबा. ते गेले की नळाची वेळ. त्यांच्या लाइन बॉक्सवर, म्हणजे गार्डच्या त्या काळ्या पत्र्याच्या पेटीवर, नाव तिनेच रंगवलेलं. बारा वर्षांत सलग झोप मिळाली ती मिशन हॉस्पिटलात, धाकट्या बहिणीच्या वेळी. "दहा दिवस कुणी दार वाजवलं नाही," म्हणाली.

मला कॉलबॉय आठवतो तो त्याच्या कंदिलासाठी. मला तो फार आवडायचा.

@मीटरगेज, वडील ब्रॉडगेजवर. पण छोट्या लाइनवरच्या गार्डांचा त्यांना हेवा होता. म्हणायचे, "त्यांच्या गाडीला उशीर होतच नाही, कारण वेळेवर येईल असं कुणाला वाटतच नाही."

@चिरमुरे, भडंग सांगलीहून दोन किलो. पुण्यात येईतो एक उरलं. वाडीला गेलो होतो. मे महिन्यात कृष्णा-पंचगंगा इतक्या खाली गेलेल्या की घाटाच्या पायऱ्या मोजत उतरलो. मुलाला सांगितलं, पावसाळ्यात हे देऊळ पाण्यात जातं. त्याला पटेना.

पेठेतला

मी मिरजेतच राहतो. राग मानू नका, पण दर मे महिन्यात असे पाहुणे येतात. क्वार्टर पाडलं, वाडा पडला, दुकान बदललं म्हणून हळहळतात, चार फोटो काढतात आणि संध्याकाळच्या गाडीने जातात. गाव काय तुमच्या आठवणीसाठी थांबून राहायचं व्हय? आम्हाला हितं राहायचं असतंय.

तुमच्या लेखातलं मला आवडलं ते एवढंच की तुम्ही काम घेऊन आला होता. गल्लीत लोक येतात, सतार हातात धरून फोटो काढतात आणि भाव विचारून जातात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला वेगवेगळं भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलं झालं. पण तूनचं लाकूड महाग, चांगला भोपळा मिळायची मारामार, आणि पोरांना दुसरी नोकरी बरी वाटते. या लोकांचे पूर्वज शिकलगार. हत्यारांना धार लावायचे. तलवारींचं काम संपत आलं तेव्हा दीडेकशे वर्षांपूर्वी वाद्यांकडे वळले. तेव्हा बदलले म्हणून आज ती गल्ली हाय. हेही पाहुण्यांनी ध्यानात घ्यावं.

आणि मिरज म्हणजे फक्त सतार नव्हे. सरकारी मेडिकल कॉलेज १९६२ पासून आहे. अर्धं उत्तर कर्नाटक हितं औषधाला येतंय. स्टेशनबाहेर मराठीइतकंच कानडी ऐकू येईल. बालगंधर्व पहिल्यांदा रंगमंचावर उभे राहिले तेही मिरजेतच. नाट्यगृहाला त्यांचंच नाव हाय. ते तुमच्या यादीत का नव्हतं?

यार्डमास्तर

@पेठेतला, राग नाही. नाट्यगृह यादीत नव्हतं हे खरंच चुकलं. हळहळायला आलो होतो हेही खरं.

लातूरकर

मी या धाग्यावर वेगळ्याच कारणाने आलो. मिरज हे नाव आमच्या घरी दोनदा आलं.

एकदा माझ्या आजीच्या डोळ्यांसाठी. बहुतेक १९६८-६९. लातूरहून छोट्या गाडीत बसून मिरजेच्या मिशनला. घरून दशम्या बांधून घेतलेल्या, त्या पोचेपर्यंत संपल्या असं ती सांगायची. परत आली तेव्हा तिने पहिल्यांदा काय पाहिलं तर खिडकीतून हात बाहेर काढून बसलेला माझा बाप. लगेच धपाटा.

दुसऱ्यांदा २०१६ च्या एप्रिलमध्ये. आमच्या शहरात नळ बंद, टँकरवर पोलीस, रांगांमुळे जमावबंदी. मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मग पन्नास वाघिणींची गाडी, पंचवीस लाख लिटर. ऑगस्टपर्यंत शंभरावर खेपा झाल्या. आमच्याकडे लोक गाडीला हार घालायला गेले होते. मीही गेलो होतो, इंजिनाला हात लावून आलो. छोट्या गाडीने आजी तिकडे गेली, त्याच वाटेने पाणी इकडे आलं. रूळ तेवढे रुंद झाले होते.

तेव्हा मिरजेला ज्यांनी नळ्या जोडल्या त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर त्यांना नमस्कार.

यार्डमास्तर

@लातूरकर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. २०१६ मध्ये वडील होते. टीव्हीवर पाण्याच्या गाडीची बातमी लागली आणि त्यात हैदरखान विहिरीचं नाव आलं. ते ताडकन उठून बसले. ती रेल्वेची विहीर, आमच्या लहानपणी तिच्याच पाण्यावर सगळं चालायचं. "अजून पाणी आहे तिला!" असं पाच-सहा वेळा म्हणाले. नात्यातलं कुणी जुनं माणूस टीव्हीवर दिसावं तसं.

उंबरठा

एक शंका. तुम्ही उरूस उन्हाळ्यात होता म्हणता. मी मिरजेला मेडिकलला होते, तेव्हा आम्ही स्वेटर घालून गाणं ऐकायला गेलो होतो. चांगलं आठवतंय, कारण स्वेटर माझा आणि परत आला मैत्रिणीच्या अंगावर.

मीटरगेज

दोघंही बरोबर. उरूस हिजरी कालगणनेने येतो. ते वर्ष चांद्र आणि त्यात अधिक महिना नाही, म्हणून दर वर्षी साधारण अकरा दिवस मागे सरकतो. तेहेतीसेक वर्षांत सगळे ऋतू फिरून होतात. यार्डमास्तरांचं बालपण उन्हाळ्यात सापडलं, तुमचं कॉलेज थंडीत.

पेठेतला

बरोबर. आणि मीरासाहेबांच्या उरुसात गलेफाचा, म्हणजे कबरीवर चढवायच्या चादरीचा, पहिला मान चर्मकार समाजाचा असतो, हेही लिहून ठेवा. आता पुढच्या वेळी उरुसातच या. तक्ता न काढता.

पाणलोट

अवांतर होईल, पण धाग्यात जुन्या गावी जाण्याचा अनुभव विचारलाय म्हणून. आम्ही कोयनानगरचे. वडील धरणावर. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी सहा वर्षांची. घर पडलं, आम्ही वाचलो. नंतर पत्र्याच्या शेडमध्ये दोन वर्षं. मुलांना घेऊन गेले होते मागच्या उन्हाळ्यात. दाखवायला घर नाहीच, ते तेव्हाच गेलं. पण मला एक गंमत वाटली. मला भीती आठवत नाही. मला शेडवर पाऊस पडला की होणारा आवाज आठवतो, आणि त्या आवाजात शेजारच्या काकूंच्या मोठ्याने म्हटलेल्या आरत्या. मुलांना वाटलं मी भूकंपाबद्दल काही सांगेन. मी आरती म्हणून दाखवली, तीही अर्धीच आली.

यार्डमास्तर, तंबोरा कुरियरने अजिबात पाठवू नका. नणंदेची सतार अशीच आली होती. भोपळा शाबूत, दांडी दोन तुकडे.

चिरमुरे

कुरियरला माझाही विरोध. तारा सैल करून, घोडीखाली मऊ कापड घालून, भोपळ्याला गादीचा स्पंज बांधून माणसाने हातात आणायचा. आता पुण्याहून हुबळी आणि कोल्हापूरच्या वंदे भारत आहेत, दोन्ही मिरजेवरून जातात. दुपारी जा, दुसऱ्या दिवशी सकाळी निघून या. भडंगही आणता येईल.

पेठेतला

मी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याला येतोय, मुलीच्या प्रवेशासाठी. गाडी मोठी आहे, मागची सीट आडवी होते. गल्ली माझ्या घरापासून चार मिनिटांवर. तुम्ही कारागिरांना फोन करून सांगा, मी उचलतो. मोबदल्यात आईंच्या हातचा चहा. आणि त्या कुरडया अजून घालत असतील तर त्याही.

यार्डमास्तर

@पेठेतला, काय बोलू. व्यक्तिगत निरोप पाठवलाय. आईला सांगितलं तर म्हणाली, "कुरडया यंदा केल्यात. इथे काजळी कुठे आहे."

साखरझोप

वाट बघतेय. तंबोरा पोचला की कळवा.

यार्डमास्तर

धागा वर काढतोय. तंबोरा परवा पोचला. पेठेतले साहेब स्वतः तिसऱ्या मजल्यावर घेऊन आले, लिफ्टमध्ये उभा मावेना म्हणून जिन्याने. चहा झाला, कुरडया झाल्या, दोन तास मिरजेचं राजकारण झालं. आई त्यांच्याशी जे बोलली त्यातलं निम्मं मी पहिल्यांदा ऐकलं. त्या गच्चीवाल्या बाईंचा वाडा अजून उभा आहे म्हणे. मी मिरजेत असताना विचारलंच नव्हतं.

तडा कुठे होता ते शोधावं लागतं. ते गेल्यावर आईने खुंट्या पिळायला घेतल्या. हाताला जोर पुरेना, म्हणून मुलगी पिळत होती आणि आई "अजून, अजून, बास, उतर" असं सांगत होती. पाऊण तास. मुलाने विचारलं, गाणं कधी सुरू होणार? आई म्हणाली, "हेच."

पेठेतला

आजच गल्लीत गेलो होतो. कारागिरांचा निरोप आहे: पावसाळ्यात हवा दमट असते, जवारी बसते, दोरा थोडा सरकवावा लागेल. रोज पाच मिनिटं तरी छेडा, नुसता उभा ठेवू नका. आणि आईंना विचारायला सांगितलंय, तिसरी तार जरा जास्त बोलते का? तसं असेल तर पुढच्या खेपेला दोरा बदलून देतो म्हणाले.

यार्डमास्तर

विचारलं. म्हणाली, बोलते. बोलू दे.

साखरझोप

मी येतेय चहाला. पत्ता पाठवा.

यार्डमास्तर

पाठवला. आई विचारतेय, तुमची आत्याही येईल का?